उजव्या काठाची पट्टी

कॉम्प्युटर जरासा तापला की त्याच्या मागून धुळीचा वास येतो. कितीही पुसा, येतोच. उन्हात टाकलेल्या गोधडीसारखा, ऊबदार आणि जुना. आज सकाळी तो आला आणि माझी मान आपसूक डावीकडे वळली. तिथली खुर्ची रिकामी आहे हे मला ठाऊक आहे हो. पण मानेला कोण सांगणार?

ती खुर्ची यांची, बरोबर पडद्यासमोरची. माझी तिच्या उजवीकडे, भिंतीला चिकटून, तिरपी. कामरगावच्या आमच्या घरात टेबलापाशी दुसरी जागाच नव्हती. पेरणीत एक जण बैल हाकतो आणि दुसरं चाड्यावर बियाण्याची मूठ धरतं, तसं आमचं लिखाण चालायचं. मी सांगायची, हे टाईप करायचे. माऊस तेवढा माझ्या हाती. शाळेत मी थोडीच गेले, वाचायची गोडी नंतर आपली आपण लागली. पण मी लिहावं हा हट्ट यांचा.

पडद्याच्या खाली बटणांची आडवी पट्टी असते ना, ती मला माझ्या जागेवरून धड दिसायची नाही. एका दुपारी यांनी माझ्या हातून माऊस घेऊन ती धरली आणि ओढत ओढत उजव्या काठाला उभी करून ठेवली.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"खालचं तुले तिरपं दिसते ना. घे, तुया दाराशी आणून ठेवली."

"अन् तुमाले?"

"मले कायले पट्टी? तू सांगून राह्यली ना मले!"

हे गेले. कपडे वाटून टाकले, चष्मा कपाटात गेला. पट्टी मात्र जिथल्या तिथं उभी होती. मी माझ्याच खुर्चीत बसून, कीबोर्ड जवळ ओढून, एका बोटानं लिहीत राहिले. पट्टी दाराशी होती, म्हणून लिहिणं होत होतं, असं मला वाटायचं.

मग कारंज्याचा दुकानदार म्हणाला, जुनी सिस्टम आता चालणार नाही. त्यानं नवी टाकली. घरी आणून कॉम्प्युटर सुरू केला तर सगळं गुळगुळीत, अनोळखी. बटणं मधोमध गोळा झालेली, आणि पट्टी खाली आडवी पडलेली.

रविवारी वाशीमहून मुलगी आली. चहा होईस्तोवर तिनं सुरुवातीचं बटण डाव्या कोपऱ्यात नेलं, अक्षरं मोठी केली, धनजच्या शेतातल्या पळसाचा आमचा फोटो पडद्यावर परत लावला. एकेक वस्तू परत येत होती तसा माझा जीव आशेला लागला. म्हटलं, "आता पट्टी उभी कर."

तिनं खूप खटपट केली. मोबाईलवर शोधलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाई होत वं आई. कंपनीवाल्यांनी ती सोयच काढून टाकली. लोकं लय बोंबलून राह्यले म्हणते, त्याच्यानं पुढं कधी तरी परत देतील."

"म्हणजे बोंबलणारी मी एकटी नाही!"

ती हसली. "अवं, पण तू त्या कोपऱ्यात काहून बसते? मधातल्या खुर्चीवर बस ना. खालचं सारं दिसते तिथून."

मी तिला बसमध्ये बसवून आले.

आणि आज, मान तशी वळल्यावर, हे लिहायला म्हणून उठून बसले मी यांच्या खुर्चीत. पोरीचं खरं होतं, तिथून सगळं सरळ दिसतं. एकही बटण शोधावं लागत नाही. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि सांगणाऱ्याची वाट पाहत बसले. उजवीकडे पाहिलं तर भिंतीशी माझी खुर्ची, तिरपी, रिकामी. इतकी वर्षं यांना इथून मी दिसत असेन. मला मात्र तिथं कुणी दिसलं नाही.

नवी सोय येते, जुनी जाते, लोकांनी ओरड केली की कधी परतही येते. ही पट्टीही देतील एखाद्या दिवशी. पोरगी येऊन ती ओढेल आणि उजव्या काठाला उभी करेल. उभी राहील बिचारी, रिकाम्या खुर्चीच्या दाराशी.