हळू धुणारं मशीन

माळावर मातीचे उंचवटे रचून डर्ट बाइक उडवायचा ट्रॅक केलेला होता. त्याच्या फाटकाशेजारी पत्र्याची एक शेड, आणि त्या शेडमध्ये बादलीकाका गाड्या धुवायचे. त्यांना खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते बँकेच्या पासबुकात पडून होतं. ट्रॅकवर येणारी सगळी त्यांना बादलीकाकाच म्हणायची. बादली, प्लास्टिकचा मग, दोन ब्रश आणि चिंध्या, एवढ्या भांडवलावर हा माणूस चिखलात लोळून आलेल्या म्हशीसारखी गाडी घासूनपुसून चकचकीत करून द्यायचा.

नोकरी त्यांनी बस डेपोत काढली, तीही धुलाई खात्यातच. रिटायर झाले तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी कोरडे राहा हो." तिच्यासाठी ते राहिलेही. पण कोरडं राहायला सांगणारीच एक दिवस निघून गेली, आणि काका पुन्हा बादली घेऊन पाण्यात उतरले.

घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती बोलायची आणि हे "हूं" म्हणायचे. कोणतं हूं ऐकून केलंय आणि कोणतं पेपरात डोकं घालून, ते ती स्वयंपाकघरातून ओळखायची. "ह्यांना काय, एका कानानं घ्यायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं," असं ती शेजारणीला सांगायची. पण तसं नव्हतं. ती गेल्यावर काकांना कळलं, की आपल्याला तिचं ऐकायची चटकच लागली होती. आता घरात ऐकायला उरला होता फ्रिज. मुलगा लांबच्या शहरात. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन. "ठीक ना बाबा?" "ठीक." "गोळ्या?" "घेतल्या." संपला फोन. मुलगा वाईट नव्हता हो, पण बापलेक दोघंही हूं म्हणणारे. दोन हूंवाले एकत्र आले की बोलणार कोण, कपाळ?

म्हणून ती शेड. बादलीनं गाडी धुवायची म्हणजे वेळ लागणारच. आधी इंजिन गार होऊ द्यायचं, मग चिखल भिजवायचा, तो फुगेपर्यंत थांबायचं, मग ब्रश. तेवढा वेळ गाडीवाला समोरच्या बाकावर बसायचा, बूट काढायचा आणि बोलायचा. कोण पडलं, कुणाचा क्लच गेला, कुणाचं घरी भांडण झालं, कुणाच्या साहेबाला अक्कल नाही. काका चाक घासता घासता हूं म्हणायचे. आठवडाभराचं बोलणं त्यांना शनिवार-रविवारी मिळायचं आणि ते सोमवारपासून पुरवून पुरवून खायचे.

आणि ह्यालाच दृष्ट लागली. ट्रॅकवर नवा मॅनेजर आला. माणूस कामाचा होता, पण बसलेला माणूस त्याला बघवायचा नाही. "काका, फाटकापर्यंत रांग लागते तुमच्यामुळे. प्रेशर वॉशर आणा, ते जोराच्या धारेनं धुणारं मशीन. नाहीतर ही जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल."

"आणतो," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शेड गेली तर बाक गेला, आणि बाक गेला तर उरलं काय?

दुकानदार उत्साही निघाला. त्यानं पेट्रोलवर चालणारं भलंमोठं मशीन पुढे ओढलं. "हे घ्या काका. ह्याच्या पाण्यानं भिंतीचा रंग निघतो."

"मला भिंत नाही धुवायची."

"अहो, गाडी तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होईल!"

"तेच तर नकोय," काका म्हणाले. "ह्याहून हळू दाखवा."

दुकानदारानं गल्ल्यावरच्या आपल्या बायकोकडे बघितलं. आजवर त्याच्याकडे स्वस्त मागणारे आले होते, उधार मागणारे आले होते, हळू मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. काकांनी त्याला डेपोतली गोष्ट सांगितली. तिथे असंच एक दांडगं मशीन आलं होतं, आणि वर्षभरात निम्म्या बसच्या चाकांची बेअरिंगं ओरडायला लागली होती. जोराचं पाणी रबरी सीलच्या आत शिरतं, ग्रीस बाहेर काढतं आणि स्वतः आत बसतं. बाहेरून गाडी लखलखीत, आत पाणी मुरतंय. माणसाचं काय आणि गाडीचं काय, मुरलेलं पाणी उशिरा कळतं.

हे सगळं खरं होतं. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते पुढच्या मशीनपाशी बाहेर पडलं. ते विजेवर चालणारं, मध्यम ताकदीचं मशीन होतं. काका म्हणाले, "चालू करा." दुकानदारानं केलं. "आता माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"मी, ही, आई आणि दोन मुली!" दुकानदार मशीनच्या घरघरीवरून ओरडला.

"आईची तब्येत?"

"गुडघे दुखतात!"

"द्या हेच," काका म्हणाले. गुडघे ऐकू आले होते.

सोबत त्यांनी पसरट फवारा मारणारं नोझल घेतलं. एका रेघेत सुईसारखं पाणी सोडणारं नोझल होतं, ते तिथेच परत दिलं. लांब दांडीची गन घेतली, गमबूट, चष्मा, आणि शॉक लागला तर वीज तोडणारा ब्रेकर. बरोबर आलेलं माहितीपुस्तक घरी जाऊन मोठ्यानं वाचलं, तेवढाच घरात आवाज. त्यात एक पान लाल अक्षरांत होतं. ह्या पाण्याची धार अंगाला लागली आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक जरी पडलं, तरी घरी थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. वरून काही दिसत नाही, पण पाण्याबरोबर घाण आत खोल गेलेली असते. हे पान काकांनी शेडच्या खांबाला चिकटवलं आणि येईल त्याला वाचून दाखवलं.

काम ते नेकीनं करायचे. सायलेन्सरच्या तोंडाला बूच, एअर फिल्टरवर झाकण, मग दोन हात लांब उभं राहून वरून खाली फवारा. बेअरिंग, चेन, वायरी, रेडिएटरच्या नाजूक पात्या, ह्यांच्यावर थेट धार नाही, तिथे अजूनही ब्रशच. आणि सगळ्यांत मोठा नियम गनच्या घोड्याचा. घोडा दाबला की पाणी सुटतं. कुणी हाक मारली तर आधी घोडा सोडायचा, गन जमिनीकडे करायची, आणि मगच मान वळवायची. धारेच्या आसपास कुणी फिरकू नये म्हणून त्यांनी दोरी बांधली आणि बाक दोरीच्या पलीकडे सरकवला.

झालं! एवढं निवडून निवडून आणलेलं हळू मशीनसुद्धा बादलीपुढे वाऱ्यासारखं होतं. गाडीवाला हेल्मेट काढेपर्यंत गाडी तयार. बाक लांब गेला होता, तिथून ओरडून बोलावं लागायचं, आणि घरचं भांडण काय कुणी ओरडून सांगतं? दुकानात गुडघे ऐकू आले ते छताखाली, इथे मोकळ्या माळावर काहीच ऐकू येईना. हळूहळू माणसं बाकावर बसायचीच बंद झाली. "थँक्यू काका," म्हणायची आणि निघायची. सायलेन्सरला बूच लावता लावता काकांच्या शेडच्याच तोंडाला बूच लागलं. मॅनेजर तेवढा खूश. "बघा, कसं सुटसुटीत झालं!" काका हूं म्हणाले. ते हूं बायकोनं भिंतीपलीकडून ओळखलं असतं.

फक्त एकजण बाकावर बसायची. गाडीच्या पुढच्या पाटीवर सतरा आकडा होता म्हणून सगळे तिला सतरा नंबर म्हणायचे. वीज कंपनीत मीटर तपासायच्या नोकरीत होती. पण ती बोलायची नाही. बसायची, गाडी घ्यायची, जायची. काकांना तेवढंही बरं वाटायचं. बसलेलं माणूस दिसतं तरी.

त्या रविवारी ती ट्रॅकवरून लवकर परतली. काका तिच्या गाडीचं मागचं चाक धूत होते. चाक फिरू नये म्हणून डाव्या हातानं धरलं होतं, उजव्या हातात गन. ती नेहमीसारखी बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. मग दोरीखालून वाकून आत आली आणि अगदी जवळ येऊन म्हणाली, "काका, आज माझे बाबा आले होते."

इतक्या महिन्यांत कुणीतरी काकांना आपणहून काहीतरी सांगत होतं. आणि हा माणूस, ज्यानं अख्ख्या ट्रॅकला घोड्याचा नियम पाठ करून दिला, तो आधी वळला. घोडा दाबलेलाच. वळता वळता लक्षात आलं की धार पोरीकडे चाललीय, तसा त्यांनी झटक्यात गन उलटी फिरवली, आणि धार त्यांच्याच डाव्या हाताच्या बोटावरून गेली.

घोडा सुटला. पाणी थांबलं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"छे," काका म्हणाले. "उडालं नुसतं."

हातमोज्याला भोक होतं. आत पहिल्या बोटाला भोक होतं, टाचणीच्या टोकाएवढं. रक्त जवळजवळ नाहीच. काकांनी ते बघितलं, समोरच्या खांबावरचं लाल पानही बघितलं. वाचायची गरज नव्हती. मग त्यांनी हात एप्रनच्या खिशात घातला, मशीनचा स्विच बंद केला आणि बाकावर जाऊन बसले. "बस," म्हणाले. "काय म्हणत होतीस? बाबा आले होते."

ती बसली, आणि बोलायला लागली. ही गाडी घेतल्यापासून तिच्या वडिलांनी तिच्याशी अबोला धरला होता. एकाच घरात राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे, आणि मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, "तिला म्हणावं मीठ दे." आणि आज ती उडी मारून खाली आली, तर तारेच्या कुंपणापलीकडे ते उभे. हातात तिची घरी विसरलेली पाण्याची बाटली. तिनं गाडी थांबवून हात केला, तर बाटली कुंपणाला अडकवून चालते झाले.

"हूं," काका म्हणाले.

बोटात ठणका सुरू झाला होता. तो मनगटापर्यंत येत होता. आता उठावं, असं त्यांच्या मनात येत होतं. पण पोरीला कळलं तर तिला वाटणार, आपल्यामुळे झालं, आणि ती पुन्हा ह्या बाकावर बसायची नाही. आणि खरं सांगायचं तर, त्यांना पुढचं ऐकायचं होतं. अजून थोडं, अजून थोडं, असं करत ते बसून राहिले. ती लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसायची तिथपासून सगळं सांगत गेली. मध्ये ती रडली, मध्ये हसली. काकांनी प्रत्येक ठिकाणी बरोबर हूं केलं.

"काका, मी आधी बोलू का त्यांच्याशी? की तेच बोलेपर्यंत थांबू?"

"थांबू नकोस," काका म्हणाले. "बाटली घेऊन आलेला माणूस आहे तो. त्याला बोलता येत नाही, एवढंच. तू बोल. आजच बोल."

तिनं डोळे पुसले. "फार बडबडले ना मी?"

"नाही ग. अजिबात नाही."

उन्हं उतरली तेव्हा ती गेली. मशीनचं उरलेलं पाणी काढून टाकायचं, पाइप गुंडाळायचा, सगळं काकांनी एका हातानं केलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. "ठीक ना बाबा?" "ठीक." बोट तेव्हा दुप्पट झालं होतं. "आज एकजण बोलायला आली होती," असं सांगावंसं वाटलं त्यांना, पण तोवर मुलगा गोळ्यांपर्यंत पोचला होता.

सकाळी बोट वांग्यासारखं झालं होतं आणि हात कोपरापर्यंत लाल. ते एकटेच बस पकडून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि संतापल्या. आत ग्रीस गेलंय, माती गेलीय, टोकाचा भाग काळा पडलाय. बोटाचं पेर काढावं लागेल, उरलेलं वाचलं तर नशीब.

"आजोबा, भोक पडलं तेव्हा कळलं होतं का तुम्हाला?"

"कळलं होतं."

"असं लागलं की लगेच यायचं असतं, हे माहीत होतं?"

"माहीत होतं. मीच सांगतो सगळ्यांना."

"मग का नाही आलात? कालच्या काल आला असता तर बोट वाचलं असतं. एवढं काय काम होतं?"

काका थोडे ओशाळले. "बोलणं चालू होतं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "फोन नंतर करता आला असता की!"

"फोनवर नाही हो," बादलीकाका म्हणाले. "समोरासमोर."