चेट्टनचा ठोका

भूतबित म्हटलं की खी-खी करणाऱ्यांत मी पहिला. बायको म्हणते, "तुझ्यासमोर भूत आलं तर तू त्याला व्हिजिटिंग कार्ड देशील." तरी हे लिहितोय... पोटात ठेवून पचत नाहीये.

दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या वेअरहाऊसचे स्टोअरकीपर, वर्की चेट्टन. चेट्टन म्हणजे मल्याळीत दादा. गाव केरळात, कुट्टनाडला — अंगणातून पाय थेट होडीत. तिथल्या शंभरेक वल्हेकऱ्यांच्या सर्पनौकेवर एकजण मधोमध उभा राहून जाड दांडक्याने फळीवर ठोका देतो आणि त्यावर सगळी वल्ही पडतात. तरुणपणी तो मान चेट्टनांचा.

गेल्या ओणमला दुबई मरीनाजवळ ऑफिसवाल्यांची होडीशर्यत होती. चेट्टनांची रिटायरमेंटआधीची शेवटची. दांडकं त्यांचंच, हे सगळ्यांनी धरलेलं. मध्ये मी कडमडलो. "चेट्टन, पुण्यात सात वर्षं ढोल वाजवलाय. यल्ला, इकडे द्या!"

"सार, पहले पानी को सुनो, फिर मारो," म्हणत त्यांनी दिलं.

मी मिरवणुकीचा ठेका धरला. वल्ह्यांवर वल्ही आपटली, होडी गोल फिरली, आम्ही शेवटून पहिले! मॅनेजर भडकला, तर मी म्हणालो, "चेट्टननीच चुकीचं शिकवलं."

चेट्टननी दांडकं पुसून जागेवर ठेवलं. महिन्याभरात रिटायर होऊन गावी गेले. सॉरी म्हणायला फोन करायचा होता... इन्शाल्ला, पुढच्या रविवारी.

यंदा परत शर्यत, दुपारी चारला. दांडकं माझ्याकडेच — दुसरं कुणी घेईना. अर्ध्यात ते घामाने सटकलं, थेट पाण्यात. मी डोळे मिटले. ठोका मात्र थांबला नाही! माझ्या तळपायाखाली फळी दणदणत होती, संथ, जड. अठरा वल्ही एकदम पडत होती. दुसरे आलो. "हबीबी, क्या बजाया!" म्हणत लोक मिठ्या मारत होते. मी रिकामे हात दाखवतोय, कुणी बघेना.

तिथूनच चेट्टनना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. "अप्पन को पॅरालिसिस हुआ, सार. हात भी नहीं हिलता. लेकिन आज... अभी थोडी देर पहले पलंग इतना ज़ोर से ठोका, पड़ोसी आ गए."

"फोन त्यांच्या कानाला लाव," म्हटलं. "चेट्टन, चूक माझी होती."

पलीकडे पंख्याची घरघर.

मॅनेजरलाही गेल्या वर्षीचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "कुठली शर्यत? खलास यार, विसर."

होडीत आवाज घुमला असेल, बाजूच्या बोटीचं इंजिन असेल... इंजिनीयर आहे, कारणं भराभर सुचतात. एकही पटत नाही. आता दर रविवारी फोन करतो. मुलगी तो त्यांच्या कानाला लावते, मी सॉरी म्हणतो, आणि कान देऊन थांबतो.

एकसुद्धा ठोका आलेला नाही.