सुलोचनाबाईंचे तीन रंग

छायाचित्रे छापायच्या डायक्रोमेट रसायनाचे पिवळे डाग बोटांवरून आठवड्याभरात निघतात. त्या काळातील गोष्टी मात्र एकीला दुसरी चिकटून वाढतच जातात. साठच्या दशकात इतवारीतील एका गच्चीवर आम्ही तिघे उन्हात छायाचित्रे छापत असू. मी, पाट्या रंगवणारे शामराव आणि शिंपीकाम करणारे नामदेवराव. नामदेवरावांना छंद वगैरे नव्हता. दिवंगत पत्नी सुलोचनाबाईंची एकच काचेची निगेटिव्ह त्यांच्यापाशी होती आणि तो चेहरा त्यांना भिंतीवर हवा होता.

पहिली प्रत डिंकात गेरू कालवून काढली. नामदेवरावांच्या मातोश्रींनी ती निरखून पाहिली.

"जित्तेपणी सासूसमोर कधी लाजली नाही. आता काहून लाल झाली?"

प्रत भिंतीवरून उतरली ती थेट बंबात गेली.

मग नामदेवरावांनी सुलोचनाबाईंनीच धरलेले काजळ आणले. त्यात एरंडेल होते. तेलकट रंग डिंकात धरत नाही, असे मी बजावले. त्यांनी ऐकले नाही. उन्हात छापलेला कागद धुवायला पाण्यात सोडताच कपाळ, गाल, ओठ सारे वाहून गेले. दोन डोळे तेवढे राहिले, आमच्याकडे पाहत.

शामराव म्हणाले, "बाकीचं जाऊ दे गा. काजळ जिथलं तिथंच राहिलं."

नामदेवराव त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसरी प्रत डिंकाविना, फेरिसायनाइड नावाच्या रसायनाची, निळी. ती उत्तम उतरली. पण त्याच दुपारी निगेटिव्ह हातून निसटली आणि तिचा चुरा झाला. आता जगात तो चेहरा त्या एका कागदावरच होता, आणि तोही खांद्यापर्यंतच.

पुढे नामदेवरावांनी शांताबाईंशी दुसरे लग्न केले. प्रत दारासमोर टांगली होती. रोजचे ऊन लागून तिचा रंग उडत गेला, आणि अखेर कोरा कागद उरला.

"दुसऱ्यांदा गेली गा ती," नामदेवराव म्हणाले.

मी सांगितले, "अंधारात ठेवा. उन्हाने उडालेला निळा रंग अंधारात परततो." शांताबाईंनी स्वतः ती प्रत आपल्या शालूत गुंडाळून पेटीत ठेवली.

दिवाळीनंतर आम्ही पेटी उघडली. चेहरा पूर्ण परतला होता. नामदेवराव ओक्साबोक्शी रडले. मी हवेतील प्राणवायूचे कारण समजावू लागलो, तोच शांताबाई चहा घेऊन आल्या.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आधी नुसते पायच दिसून राहिले होते. परवा चेहरा भरला."

"तुम्ही मधून मधून पेटी उघडत होतात काय?" मी विचारले.

"पेटी काहून उघडू, भाऊजी? चुलीपाशीच बसते न ती."