प्लॉट जे-४७ ची वाट

धर्मराज भोपी तळोज्यात वाट चुकला असं कोणी सांगितलं असतं, तर गावातली शेंबडी पोरंसुद्धा हसली असती. त्याचं घर औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून. वसाहत व्हायच्या आधी तिथे भातखाचरं होती आणि धर्मराज त्यांत वीस वर्षं गुडघाभर चिखलात राबला होता. जमीन सरकारने घेतली, पैसे आले, त्यांत थोडं कर्ज घालून त्याने जुना ट्रक घेतला. मालक तोच, ड्रायव्हर तोच. क्लीनर ठेवणं परवडत नव्हतं.

ब्याऐंशी सालच्या जानेवारीत तुर्भ्याच्या नंदकिशोरने त्याला वापीहून तळोज्याच्या कारखान्यात आणायची भरती दिली. नंदकिशोर साताऱ्याकडचा, ट्रकना माल मिळवून देणारा दलाल. चाळीस पिंपं, आठ टन. भाडं नऊशे, सहाशे आगाऊ, तीनशे पोच आणून दिल्यावर. पोच म्हणजे माल मिळाल्याची कारखान्याची सही. अट एकच, सकाळी आठच्या आत गेटवर. उशीर झाला तर दीडशे कापणार. त्या तीनशेवर धर्मराजचा जीव टांगलेला होता. ट्रकचा मागचा हप्ता थकला होता. हाही थकला तर फायनान्सवाले गाडी ओढून नेणार होते.

साडेसहाला तो वसाहतीत शिरला. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या कागदावर, लिहिलं होतं, प्लॉट जे-४७. धर्मराजला वाटलं, आलोच घरी.

मग गोंधळ सुरू झाला. तिथली प्रत्येक जागा त्याला ठाऊक होती, पण नावाने. मोठी खार म्हणजे त्याचं स्वतःचं शेत, मग उंबराचा बांध, गंगारामची कोंड. 'जे' कुठून सुरू होतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रस्ते सगळे सारखे. बेचाळीसनंतर एकदम एकशे सहा आला. दोन ठिकाणी पाट्याच नव्हत्या. नाला असायला हवा होता तिथे भिंत होती. एक रस्ता पुढे बंद निघाला. गाडी भरलेली, स्टेअरिंग जड, मागे बघायला माणूस नाही. हातभर मागे घ्यायची, ब्रेक लावायचा, उतरून मागे जाऊन बघायचं, पुन्हा चढायचं. असं अकरा वेळा. ऐकायला हे सोपं वाटतं. अकराव्या वेळी गुडघे बोलायला लागतात.

टपरीवर पंजाबचा एक ड्रायव्हर चहा पीत होता. त्याला सगळे प्लॉट पाठ असणार, हे दिसत होतं. पण आपल्याच शेतात परक्याला वाट विचारायची, हे धर्मराजच्या गळ्याखाली उतरेना. तो दोनदा टपरीवरून पुढे गेला. तिसऱ्यांदा थांबला आणि विचारलं. तेव्हा नऊ वाजून गेले होते. वॉचमनने वहीत वेळ लिहिली, नऊ पंचवीस.

पिंपं उतरवून तुर्भ्याला जाताना त्याला सदू भेटला. सदू त्याच्याच गावचा, तोही ट्रकवालाच. त्याने सल्ला दिला, पंक्चर झालं म्हणून सांग, पंक्चरला दलाल सोडतात. धर्मराजने वाटभर विचार केला. पण पंक्चर म्हणजे जॅक लावणं, चाक उतरवणं, पुन्हा चढवणं. न केलेलं एवढं काम केलं म्हणून सांगायचं, ते त्याला जमेना.

"शेट, वाट चुकलू," त्याने सांगितलं.

नंदकिशोरने पोचेवरून मान वर केली. "कुठं?"

"तलोज्यात."

"आणि राहतोस कुठं, धर्मा?"

"तलोज्यात."

ऑफिसातले दोघे हसले. नंदकिशोर हसला नाही. कारखान्याने त्याचे पैसे कापले होते, तो धर्मराजचे कापणार होता. वर त्याने एवढंही सुनावलं, की थाप मारायची तर माणसाने जरा मेहनत घेऊन मारावी. धर्मराज बाकावर बसून राहिला. तास झाला तरी हलला नाही. शेवटी नंदकिशोरच वैतागून उठला.

"चल, मला घेऊन चल. माझ्यासमोर वाट चुकलास तर एक पैसा कापणार नाही."

धर्मराजला वाटलं, सुटलो. त्याने वाटेतच ठरवलं, पहिलं वळण चुकायचं. पण वसाहत आली आणि सकाळी एवढ्या कष्टाने सापडलेली वाट हात सोडीनात. गाडी डावीकडे वळली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सहा मिनिटांत समोर पाटी होती, जे-४७.

"सापडला की," नंदकिशोर म्हणाला.

धर्मराज पाटीकडे बघत राहिला. सकाळी तीन तास जी जागा सापडली नाही, ती आता चुकवता येत नव्हती. हे कसं, ते त्याला कळेना.

गाडी वळवता वळवता नंदकिशोरने सहज विचारलं, "तुझं शेत यात कुठं होतं रे?"

"हितंच," धर्मराज म्हणाला. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि दहा पावलं गेला. नाला इकडून यायचा, म्हणजे उंबर तिकडे. पण मग ऊन उलट्या बाजूने येत होतं. तो मागे फिरला. एका भिंतीला हात लावून उभा राहिला, चौकापर्यंत जाऊन परत आला. या जमिनीत डोळे मिटून नांगर चालवणारा माणूस. हा नव्हं, तो पलीकडचा, असं स्वतःशीच म्हणाला. थोड्या वेळाने तोही नव्हं म्हणाला.

नंदकिशोर केबिनमध्ये बसून बघत होता. अर्धा तास गेला. त्याने हॉर्न वाजवला नाही.

दोघे तुर्भ्याला परतले. ऑफिसात नंदकिशोरने शंभराच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या. धर्मराजने त्यांना हात लावला नाही.

"शेट, प्लॉट तर मिलाला."

"प्लॉट मिळाला," नंदकिशोर म्हणाला. "उचल ते. आणि पुढच्या वेळी पंक्चर सांगत जा."

हप्ता भरला गेला, गाडी राहिली. पैसे नेमके कशाचे मिळाले, ते मात्र धर्मराजला उलगडलं नाही. घरी आल्यावर त्याने आईला विचारलं, आपली मोठी खार कुठल्या अंगाला होती? गोजराबाई भाकरी थापत होती. तिने वर न बघताच पिठाचा हात एका दिशेला केला. त्या बाजूला धर्मराज दिवसभरात एकदाही गेला नव्हता.