सासऱ्यांच्या नावचं समन्स

सासऱ्याच्या नावानं समन्स काढणारा जावई आमच्या मुलखात माझ्याआधी कुणी झाला नसावा. माझ्यानंतरही झाल्याचं ऐकिवात नाही. अजून एखाद्या लग्नात म्हातारी माणसं माझ्याकडं बोट दाखवून नव्या नवरदेवाला सांगतात, की बाबा रे, जावई हो, पण असला होऊ नकोस. मी हसून घेतो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन.

त्या काळी भोरला संस्थानी अंमल होता आणि कौन्सिल नवं होतं. सरकारनं नेमलेले सभासद पुष्कळ, लोकांनी निवडलेले आम्ही थोडे. मी मूळचा मार्गासनीचा, भोरच्या कचेरीत वकिली करायचो, आणि वेल्ह्याकडच्या लोकांनी मला निवडून दिलं होतं. आम्हाला प्रश्न विचारायची मुभा होती. उत्तर मिळेलच असं मात्र नव्हतं. माझी आई मला खाजकुयली म्हणायची, एकदा लागली की सुटत नाही म्हणून. कौन्सिलात हा गुण बरा उपयोगी पडला.

माझे सासरे आंबवड्याचे. ते दरबारचे सल्लागार होते. जंगल आणि जमिनीची कामं त्यांच्याकडं असायची, आणि त्यांना विचारल्याशिवाय रानातलं झाड हलत नाही, असं लोक म्हणत. नुकतेच ते कामातून मोकळे होऊन गावी येऊन राहिले होते. माझ्याकडं एका काळ्या कोटाखेरीज काही नसताना त्यांनी मला मुलगी दिली होती. मला त्यांच्याविषयी आदर होता, माया होती आणि थोडी भीतीही होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मला यांतलं काहीच नव्हतं.

एका दुपारी पासलीच्या वरच्या धनगरवाडीतली एक म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसली. आदल्या दिवशीच निघाली असणार. पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

“वकीलसाहेब, आमचा वरचा माळ सरकारनं बंद केला. त्यो का केला, तेवढं इचारून द्या.”

“अर्ज केला होतात?”

“लई केलं. माळ बंद हाय, येवढंच म्हनत्यात. का बंद हाय ते कुनी सांगत न्हाई. कारन कळलं तर भांडू तरी.”

तिचं म्हणणं मला पुरतं पटलं. तो माळ म्हणजे वाडीचा जीव होता. उन्हाळ्यात खालचे झरे आटतात, वरच्या टाक्याला मात्र पाणी असतं आणि भोवती गवत राहतं. माळ राखीव झाल्यापासून धनगरांनी शेळ्या-गुरं चोरून वर चढवायची, रखवालदारानं ती धरून कोंडवाड्यात घालायची, असा खेळ चालला होता. पाऊस लागायच्या आत माळ मोकळा झाला नाही, तर उरलेली जनावरं विकायची आणि वाडी उठवायची, असं त्यांनी बसून ठरवलं होतं.

“उठून जाणार कुठं?” मी विचारलं.

“ते ठावं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?”

कौन्सिलात मी प्रश्न टाकला. दिवाणसाहेबांनी उत्तर दिलं, की माळ योग्य सल्ल्यावरून बंद झाला आहे, कारणं सांगता येत नाहीत. मी दुसरा प्रश्न टाकला, मग तिसरा. शेवटी मला गप्प करण्यासाठी एक चौकशी समिती नेमली गेली आणि चुकून किंवा दया म्हणून मलाही तिच्यात घेतलं. पहिल्याच बैठकीत मी म्हणालो, सल्ल्यावरून माळ बंद झाला ना, मग सल्ला देणाऱ्याला बोलवा.

शेजारचे सभासद माझ्या कानाशी लागले. “सल्ला कुणी दिला ते ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांनी,” मी मोठ्यानं म्हणालो. सगळी बैठक हसली. दिवाणसाहेब तेवढे हसले नाहीत.

ते उभे राहून म्हणाले, “सरकारच्या कानात सांगितलेली गोष्ट सरकारची. सल्लागार घरी बसला म्हणून ती त्याची होत नाही, आणि या समितीची तर नाहीच नाही.” त्यावर बरीच खडाजंगी झाली. अध्यक्ष वयस्कर आणि सबुरीचे होते. त्यांनी मधला मार्ग काढला. साक्षीदारानं यावं, काय बोलायचं आणि काय नाही ते इथं आल्यावर पाहू. समन्स निघालं. खाली समितीच्या सभासदांच्या सह्या होत्या, त्यांत माझी चांगली ठसठशीत होती.

घरी आलो तर बातमी माझ्याआधीच पोचली होती. बायकोनं ताट असं आदळलं की भाकरी उडाली.

“जावई सासऱ्याच्या घरी जातो तो मान घ्यायला. तुम्ही पट्टेवाला पाठवलात.”

“अगं, समन्स सल्लागारांना आहे, आबांना नाही.”

“मग सल्लागारांची लेक भाकरी वाढणार नाही. कौन्सिलात जेवा.”

तीन वेळा समजावलं, चौथ्यांदा मीही चिडलो. तिचं दुःख मला कळत होतं. तिच्या वडलांनी उभं आयुष्य ताठ मानेनं काढलेलं, आणि आता म्हातारपणी त्यांना खुर्चीवर बसवून कुणीही काहीही विचारणार. पण वाडी उठली तर ती बसवायला पुन्हा कोण येणार होतं? मी हटलो नाही. तीही हटली नाही. आमच्या घरात त्या दिवसांत बोलणं असं फक्त मांजराशी होत असे.

तारखेच्या आधी मी आंबवड्याला गेलो. सासऱ्यांनी दारात पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडायला लावला, जावयासाठी करतात ते सगळं केलं. जेवताना विषय काढला नाही. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “तुमचा पट्टेवाला भला माणूस. कागद देताना माझ्याकडं बघेना. त्याला गूळ-पाणी दिलं.”

“मामा, तुम्ही येणार ना?”

“बोलावलंय, येणार. पण जावईबापू, बोलणार नाही. काम हाती घेतलं तेव्हा देवापुढं बेलभंडार उचललाय. आत जे बोललो ते सरणावर माझ्याबरोबर जाईल.”

आमच्याकडं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द. तरी मी म्हणालो, “आणि ती वाडी उठली तर?”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, “आज मला उभं केलंत. उद्या माझ्या जागी येणाऱ्याला सरकारनं काही विचारलं, तर तो खरं सांगेल की कौन्सिलात बरं दिसेल ते सांगेल?”

त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि त्याचाच मला राग आला. चुकीच्या बाजूचा माणूस बरोबर बोलायला लागला की फार त्रास होतो. परत येताना सायकल हाणत मी सारा रस्ता त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. भोरचा पूल आला तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यांनी काय सांगितलं, हे विचारायची गरजच काय? सांगण्याआधी त्यांनी काही पाहिलं असेल ना? शपथ जिभेला होती, डोळ्यांना कुणीच घातली नव्हती.

साक्षीच्या दिवशी सासरे पांढरी पगडी आणि उपरणं घालून आले. दाराबाहेर ती म्हातारी आणि वाडीतली चार माणसं येऊन बसली होती. माझ्याआधी इतर सभासदांनी सल्ल्यावरच प्रश्न विचारले. सासरे दर वेळी नम्रपणे म्हणत, “ते सांगता येत नाही.” दिवाणसाहेब दर वेळी मान डोलावत. अध्यक्ष कागद आवरायला लागले तसा मी उठलो.

“मामा,” मी म्हणालो, आणि सगळे हसले. मी कान लाल करून पुन्हा सुरुवात केली. “साक्षीदारसाहेब, मी तुमचा सल्ला विचारत नाही. माळ बंद व्हायच्या आधी तुम्ही पासलीला गेला होतात?”

दिवाणसाहेब ताडकन उठले. अध्यक्षांनी हातानंच त्यांना बसवलं. “गावाला जाणं हा काही सल्ला नव्हे,” ते म्हणाले.

“गेलो होतो,” सासरे म्हणाले.

“माळावर चढलात?”

त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. “नाही. गुडघा दुखत होता. गावाच्या वरच्या टेकाडावरून दुर्बिणीनं पाहिला.”

“काय दिसलं?”

“गवत. माळ सगळा रिकामा होता. एक जनावर नाही, एक माणूस नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच.”

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे भलतंच निघालं. वाडीची सगळी गुरं ज्या माळावर चरतात तो रिकामा कसा? मी पुढचा प्रश्न केवळ काहीतरी विचारायचं म्हणून विचारला. “गावात मुक्काम कुणाकडं होता?”

“पाटलांकडं. गावानं मोठा मान केला. जत्रा तोंडावर होती. पाहुणा म्हणून मला जत्रेचा नारळ...”

ते तिथंच थांबले. नारळ म्हणताच काय ते त्यांच्या लक्षात आलं. बैठकीत जे डोंगराकडचे होते त्यांनाही त्याच क्षणी कळलं. त्या माळावर देवीचं ठाणं आहे. जत्रेआधी तिची पाळणूक असते. तेवढे दिवस माळावर ढोर चढवत नाहीत, कुऱ्हाड चालवत नाहीत, आणि कुणाला जायचंच झालं तर पायताण खाली काढून जातात. धनगरांनी आपल्या देवीसाठी माळ मोकळा ठेवला होता, आणि सल्लागारांना तो मोकळा, म्हणजे कुणाच्याच वापरात नसलेला दिसला होता.

दारातून म्हातारीचा आवाज आला. “त्या दिसांत आमी वर ढोर न्हेत न्हाई. देवीचं असतं.”

अध्यक्षांनी तिला गप्प बसायला सांगितलं नाही. सासरे मान खाली घालून म्हणाले, “आमच्या आंबवड्यालाही पाळणूक असते. मला आठवायला हवं होतं.” एवढंच. सल्ला काय दिला, यातलं त्यांनी अवाक्षर काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. दिवाणसाहेबांना हरकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी खाली बसलो तेव्हा मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचं बोटाला गुंडाळलेलं उपरण्याचं टोक तेवढं दिसत राहिलं.

घरी गेलो तर बायको दारात उभी. “आबांना चहा तरी पाजलात का?” किती दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. पाजला होता, कचेरीसमोरच्या हॉटेलात. दोघंही बशीनं प्यायलो होतो. हे सांगितल्यावर तिनं भाकरी टाकली आणि तव्यापाशी बसून रडली. मी जवळ जाऊन बसलो.

वळवाचे ढग यायच्या आत दरबारचा हुकूम निघाला. माळ पूर्वीसारखा वाडीला मोकळा. हुकमात कारण दिलेलं नव्हतं. या वेळी मी प्रश्न टाकला नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. हुकमानंतर सासरे आपण होऊन भोरला आले आणि म्हणाले, “जावईबापू, मला वर घेऊन चला.” मी गुडघ्याची आठवण करून दिली. “त्या गुडघ्याचं ऐकूनच हे झालं,” ते म्हणाले.

पासलीपासून चढायला आम्हाला सबंध सकाळ लागली. ते धापा टाकत, दगडावर बसत, पुन्हा उठत. मी हात दिला तर झटकून टाकत. पाळणूक नव्हती, तरी माळाच्या काठाला आल्यावर त्यांनी वहाणा काढून ठेवल्या. वर गुरं पसरली होती, शेळ्या टाक्याच्या कडेनं ओरडत होत्या, आणि म्हातारी करवंदीच्या सावलीत बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही.

सासरे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर ज्यांच्यासमोर लोक उभे राहत, ते. म्हणाले, “सरकारला मी काय सांगितलं ते मला सांगता येत नाही. पण चूक माझी होती. तुमची जनावरं कोंडवाड्यात गेली ती माझ्यामुळं.”

“व्हय,” म्हातारी म्हणाली. “तुमच्यामुळंच.” मग तिनं शेजारची जागा हातानं झाडली. “बसा. ताक घ्या.”

ते बसले. गडव्यातून ताक प्यायले. ओठ पुसेपर्यंत म्हातारी त्यांच्याकडं बघत होती.

“पुन्ना कुनाला काय सांगायचं झालं,” ती म्हणाली, “तर आदी वर या. मंग सांगा.”

त्यांना आता कुणी सल्ला विचारणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं तिलाही ठाऊक होतं. तरी त्यांनी रिकामा गडवा दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, “येईन.”