रोगातून उरलेल्या तिसऱ्या

खाडीत रोग आला आणि तिसऱ्या, चिखलातल्या खायच्या शिंपल्या, कवचं उघडी टाकून मेल्या. थोड्या मात्र तो रोग पचवून जगल्या. त्यांचीच पिल्लं झाली तर खाडी पुन्हा भरेल. आज ओहोटीला शेजारची सुमन नेमक्या त्याच खणून टोपलीत टाकत होती.

“थोड्या राहू दे गो बियाण्याला,” मी हळूच म्हटलं.

“जगल्या त्याच चांगल्या. मेलेल्या शिजवू काय?” ती हसली.

माझ्या अंगाची लाही झाली. एवढ्या मरणातून जो तगतो, त्यालाच आपण आधी ओरबाडतो, आणि वर हसतो. मला भांडता येत नाही. मी तिची टोपली चिखलात पालथी केली. ती शिव्या देत राहिली, आणि मी वाकून एकेक शिंपली चिखलात दाबत राहिले.