डाव्या पायाचं काम

मी मूळची कोल्हापूरची, तोंडाने फटकळ. नवऱ्याची नोकरी चंदीगडच्या विद्यापीठात, म्हणून मीही तिथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. पंजाबातले ते दहशतवादाचे वाईट दिवस. ऊन उतरलं की सगळं शहर घाईघाईने घरात शिरायचं. पण दुपारी आमच्या खोलीत उन्हाचा मोठा चौकोन पडे, आणि त्यात बसलं की बाहेर काही भलतं चाललंय हे खरंच वाटत नसे.

त्या उन्हात माझा एक सरदारजी बसायचा. ट्रक ड्रायव्हर, घर मनीमाजऱ्यात. खरडच्या रस्त्यावर गोळीबारात सापडला आणि गोळी डाव्या मांडीतून गेली. पाय वाचला, जोर गेला. आणि ड्रायव्हरचा डावा पाय म्हणजे क्लच. त्याचा ट्रक जुना, एक गिअर बदलायला क्लच दोनदा दाबावा लागे. हा पाय पुन्हा क्लच दाबेल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं होतं.

मी सुताराकडून लाकडी पेडल करून घेतलं, खाली दणकट स्प्रिंग बसवली. त्यावर पाय ठेवला की हा बाबा डोळे मिटायचा.

"बसा भैणजी, कालका आलं," म्हणायचा.

दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. सिमल्याचा घाट सुरू व्हायचा. डावा हात हवेत गिअर टाकत असे, उजवा वळणं घेत असे. खाली दरी, वर पाइनची झाडं, मध्येच धुकं. मी त्याच्या मांडीवर हात ठेवून स्नायू चाचपत असायची, आणि खरं सांगते, ते धुकं मलाही गालाला गार लागायचं. सोलनपर्यंत आम्ही कितीदा जाऊन आलो असू, खोलीतून न हलता. एकदा मी म्हटलं, सफरचंदांचा वास येतोय. तर म्हणाला, "आत्ता गाडी रिकामी आहे भैणजी. सफरचंदं येताना भरायची."

त्याची बायको दाराबाहेर विणत बसायची. तिचा भाऊ कॅनडात कचऱ्याचा ट्रक चालवत होता. त्या ट्रकला म्हणे क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. तिथे सरदारजीसाठीही नोकरी ठरवून ठेवली होती. हा नुसता हसायचा.

"डावा पाय रिकामा बसणार? त्यापेक्षा मी घरी खाटेवर बसतो."

एके दिवशी बायकोने मला व्हरांड्यात गाठलं. "भैणजी, त्यांना सांगा, हा पाय आता क्लच दाबणार नाही. तुमचं ऐकतील. मग जातील तिकडे."

मी तडकलेच. इतका घाम गाळला तो काय खोटं बोलायला? ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "रस्त्यात बंदूकवाले अडवतात, पुढे पोलीस अडवतात. ते परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण खोटं बोलायला जीभही रेटेना. शेवटी म्हटलं, "उद्या बघायचंय पाय तयार झालाय का. तुम्ही आत या. जे होईल ते डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी ती आत येऊन समोर बसली. सरदारजीने पेडल तळापर्यंत दाबलं आणि दाबून धरलं. त्या दिवशी त्याने डोळे मिटले नाहीत. तो बायकोकडे बघत होता. ती त्याच्या पायाकडे बघत होती, विणकाम मांडीवरून घसरून खाली पडलं तरी तिला पत्ता नव्हता. माझ्या हाताखाली स्नायू दगडासारखा घट्ट. जराही थरथर नाही. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात पेडल वर आलं. थकलेल्या पायाला स्प्रिंग फेकून देते. हे मात्र हळूहळू, जपून आलं, उभी गाडी हलवताना क्लच सोडतात तसं. पाय हरला नव्हता, त्याने मुद्दाम सैल सोडला होता.

"नाही जमत, भैणजी," तो म्हणाला.

बायकोने ओढणीत तोंड लपवलं. तिला रडू आवरेना. तो माझ्याकडे बघत राहिला, मी काय बोलते याची वाट बघत.

"नाहीच जमत," मी म्हणाले, आणि त्याच्या मांडीवरचा हात काढून घेतला.